मानपत्रं मिळाली, हिशेब राहिला : बेंजामिन फ्रँकलिन यांचं १७८५ मधलं पुनरागमन

माणूस ७९ वर्षांचा. मूत्राशयात खडा, सोबतीला जुना संधिवात. घर सोडलं तेव्हा देश युद्धात होता. परतताना तो स्वतंत्र झालेला होता, आणि त्यात या माणसाचा वाटा मोठा. मधली जवळजवळ नऊ वर्षं घराचं तोंड पाहिलेलं नाही. पत्नी त्याआधीच गेलेली, तीही तो परदेशात असताना. मुलगा शत्रूच्या बाजूला. ज्या सरकारने पाठवलं त्याच्याकडे कोट्यवधी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) खर्चाचे हिशेब मंजुरीविना पडून. आणि ज्या शहरात उतरायचं तिथले दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत. अशा माणसाचं स्वागत कसं करायचं?

फ्रान्समधले अमेरिकेचे दूत बेंजामिन फ्रँकलिन १४ सप्टेंबर १७८५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या आपल्या गावी, फिलाडेल्फियात उतरले. चरित्रांमध्ये हा दिवस तोफा आणि घंटांच्या आवाजात एका परिच्छेदात संपतो आणि लेखक पुढच्या राज्यघटनेकडे वळतात. माझ्या मते हा दिवस आणि त्यानंतरची तीन-चार वर्षं वेगळी काढून पाहण्यासारखी आहेत. कारण इथे एकाच माणसाचं दोन यजमानांनी स्वागत केलं. शहराने माणसाला घरी आणलं, आणि लगेच कामाला जुंपलं. केंद्राच्या काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, त्याच्या कामाची पोचसुद्धा नीट दिली नाही.

सुटका मिळेपर्यंत

फ्रँकलिन ऑक्टोबर १७७६ च्या अखेरीस 'रिप्रायझल' या लढाऊ जहाजातून फ्रान्सला निघाले. बरोबर दोन नातू होते : मुलाचा मुलगा विल्यम टेंपल, वय सोळाच्या आसपास, आणि मुलीचा मुलगा बेंजामिन बाख, वय सात. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी मैत्रीचे आणि व्यापाराचे तह झाले. पैसा, दारूगोळा, आरमार या सगळ्यासाठी व्हर्साय दरबाराची मनधरणी वर्षानुवर्षं चालली. ३ सप्टेंबर १७८३ रोजी ब्रिटनशी अंतिम तह झाला. हा भाग सर्वांना ठाऊक असतो, म्हणून इथेच सोडतो.

कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्यांनी निवृत्ती फार आधी मागितली होती. मार्च १७८१ मध्ये त्यांनी काँग्रेसला लिहिलं की वय झालं, प्रकृती साथ देत नाही, दुसऱ्या कोणाला पाठवा. काँग्रेसने राजीनामा नाकारला आणि वर शांतता वाटाघाटींची जबाबदारीही दिली. तह झाल्यावर पुन्हा विनंत्या गेल्या. उत्तर येईना. काँग्रेसने परवानगीचा ठराव केला तो मार्च १७८५ मध्ये, आणि तो फ्रँकलिन राहत त्या पॅरिसजवळच्या पॅसी गावी पोचला मेच्या सुरुवातीला. त्यांच्या जागी थॉमस जेफर्सन यांची नेमणूक झाली. मी त्यांच्या मागून आलो आहे, त्यांची जागा कोणी घेऊ शकत नाही, असं जेफर्सन भेटणाऱ्यांना सांगत.

म्हणजे सुटकेला चार वर्षं लागली. ७५ व्या वर्षी मागितलेली घरवापसी ७९ व्या वर्षी मिळते तेव्हा परतणारा माणूस तोच राहिलेला नसतो. पंचाहत्तरीतले फ्रँकलिन घोडागाडीत बसू शकत होते. आता रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना वेदना देत होता. स्वागताची पहिली चूक ही तारखेची होती, आणि ती काँग्रेसची.

वेदना सांभाळत आखलेला प्रवास

प्रवासाची आखणी मात्र वाखाणण्यासारखी होती, आणि ती बरीचशी परक्या यजमानांनी केली. राणी मारी आंत्वानेतची डोली त्यांना मिळाली. ती दोन खेचरांमध्ये टांगून न्यायची, त्यामुळे चाकांचे हिसके बसत नसत. १२ जुलै १७८५ ला पॅसी गावाने निरोप दिला. गावाने आपला कुलपुरुष गमावल्यासारखं वाटलं, असं जेफर्सन यांनी नंतर लिहिलं. डोली संथ चालीने ल हाव्र बंदरात पोचली. सामानाच्या शंभरावर पेट्या सीन नदीतून पुढे गेल्या होत्या.

निरोपाची भेट म्हणून सोळाव्या लुईने आपलं लघुचित्र दिलं, भोवती ४०८ हिरे. ही भेट पुढे कशी गाजली ते येईलच.

खाडी ओलांडून ते इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला आले. तिथल्या चार दिवसांत दोन अगदी उलट गोष्टी घडल्या. जुने मित्र, बिशप जोनाथन शिप्ली, पत्नी आणि मुलीसह भेटायला आले होते. मंडळी गप्पा मारत राहिली. फ्रँकलिन यांनी खाऱ्या पाण्याच्या गरम हौदात स्नान केलं आणि पाठीवर तरंगताना त्यांना चक्क झोप लागली. जवळजवळ तासभर ते तसेच तरंगत होते, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. जो माणूस तरुणपणी लंडनमध्ये लोकांना पोहायला शिकवायचा, त्याला हे जमणारच.

दुसरी गोष्ट मुलाची. विल्यम फ्रँकलिन हे न्यू जर्सीचे शेवटचे राजनियुक्त गव्हर्नर. युद्धात ते राजाच्या बाजूने राहिले, कैद भोगली आणि नंतर इंग्लंडला गेले. बाप-लेक कित्येक वर्षांनी भेटले ते या बंदरात, आणि भेटीचा विषय होता मालमत्ता. विल्यम यांची अमेरिकेतली जमीन टेंपलच्या नावावर करायची, जुनी देणी त्यात वळती करायची, कागदांवर सह्या. समेट झाला नाही. दोघं पुन्हा कधी भेटले नाहीत. मृत्युपत्रात फ्रँकलिन यांनी लिहून ठेवलं की युद्धात या मुलाने माझ्याविरुद्ध जे केलं ते जगजाहीर आहे, त्यामुळे त्याला फार काही ठेवत नाही यात नवल नाही. ज्यांना देशाने 'सर्वांशी बोलणी करू शकणारा माणूस' म्हणून नऊ वर्षं वापरलं, त्यांनी इथे एक पाऊल मागे घेतलं नाही. मला यात कडवटपणा दिसतो. कोणाला तो न्यायही वाटेल.

शेवटच्या रात्री शिप्ली मंडळी जहाजावरच मुक्कामाला होती. फ्रँकलिन सकाळी उठले तेव्हा पाहुणे उतरून गेले होते आणि जहाजाने शीड उभारलं होतं.

जहाज 'लंडन पॅकेट', कप्तान थॉमस ट्रक्स्टन. सात आठवड्यांचा प्रवास. मित्रांनी आग्रह केला होता की या फुरसतीत आत्मचरित्र पुरं करा. त्यांनी त्याऐवजी जहाजांच्या शिडांवर आणि दोरखंडांवर, धूर ओकणाऱ्या चुलाण्यांवर आणि आपणच बनवलेल्या नव्या शेगडीवर लिहिलं, आणि गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या पाण्याचं तापमान मोजत राहिले. बरोबर शिल्पकार उदाँ होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पुतळा घडवायला निघालेले. त्यांची हत्यारं आणि साहित्य ल हाव्रला वेळेत पोचलं नाही, त्यामुळे फिलाडेल्फियात उतरल्यावर त्यांना सगळी खरेदी नव्याने करावी लागली.

धक्क्यावर

१३ सप्टेंबरच्या सूर्योदयाला जहाज केप मे आणि केप हेनलोपन या दोन टोकांच्या मध्ये, डेलावेअर उपसागराच्या तोंडाशी होतं. पाणी शांत, हवा गार. सूर्यास्ताला न्यूकॅसल मागे पडलं. रेड बँकजवळ भरती आणि वारा दोन्ही संपले आणि नांगर टाकावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर हलकी झुळूक आली आणि ग्लॉस्टर पॉइंटच्या पुढे गेल्यावर समोर शहर दिसलं. रोजनिशीत एरवी हात आखडता घेणाऱ्या या माणसाने तिथे 'प्रिय फिलाडेल्फिया' असं लिहून उद्गारचिन्ह दिलं आहे.

शहर समोर असूनही उतरता येत नव्हतं. आधी आरोग्य अधिकारी आला, जहाजावर कोणी आजारी नाही याची खात्री केली आणि मगच परवानगी दिली. राष्ट्राचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस परत येतोय म्हणून नियमाला सूट नाही. हे मला या दिवसातलं सगळ्यात देखणं दृश्य वाटतं.

मग जावई रिचर्ड बाख होडी घेऊन आले. सरकारी पडाव नाही, सजवलेली नौका नाही, घरच्या माणसाने आणलेली होडी. मार्केट स्ट्रीटच्या धक्क्यावर गर्दी जयघोष करत होती. तोफा झाल्या, घंटा वाजल्या. घर धक्क्यापासून तीन-चार चौकांवर, तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या मधल्या आवारात. गर्दी दारापर्यंत आली. रोजनिशीतल्या नोंदीचा शेवट असा : घरची मंडळी सुखरूप आहेत, देवाच्या सगळ्या कृपेबद्दल त्याचे आभार.

आयोजक म्हणून पाहिलं तर हे स्वागत नेमकं बसलं. आजारी म्हाताऱ्याला मंडपात तीन तास ताटकळवलं नाही. पाण्यातून थेट धक्का, धक्क्यावरून थेट घर, घरात मुलगी. भाषणं दुसऱ्या दिवसापासून.

घर कोणतं, हेही सांगायला हवं. १७६० च्या दशकात फ्रँकलिन लंडनला असताना पत्नी डेबोरा यांनी ते पुरं करून घेतलं. चुलीची जागा, कपाटं, भिंतींचे रंग सगळं पत्रांतून ठरत होतं. डेबोरा १७७४ च्या डिसेंबरात गेल्या आणि फ्रँकलिन घरी आले ते १७७५ च्या मे महिन्यात. पुढे ब्रिटिश सैन्याने १७७७-७८ मध्ये शहर ताब्यात घेतलं तेव्हा त्यांचे अधिकारी या घरात राहिले आणि जाताना भिंतीवरचं फ्रँकलिन यांचं चित्र घेऊन गेले. ते चित्र अमेरिकेला परत मिळालं १९०६ मध्ये. तर त्या रिकाम्या खिळ्याच्या घरात आता मुलगी सॅली, जावई आणि नातवंडं होती. त्यातली चार त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती. आठवड्याभरात, तहाच्या वाटाघाटींतले सहकारी जॉन जे आणि त्यांच्या पत्नीला त्यांनी लिहिलं की नवी चार चिमुरडी आजोबांच्या गुडघ्यांना बिलगून बडबडतात आणि फार सुख देतात.  हा निवांतपणा महिनाभर टिकला.

मानपत्रांचा आठवडा

१५ सप्टेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचं मानपत्र आलं. १६ तारखेला विद्यापीठाच्या प्रमुखांचं आणि प्राध्यापकांचं. मग कॉन्स्टिट्यूशनल सोसायटी. महिनाअखेरीला अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी, जिचे ते १७६९ पासून अध्यक्ष होते आणि परदेशात असतानाही अध्यक्षच राहिले होते. प्रत्येकाला त्यांनी लेखी उत्तर दिलं. उत्तरं छोटी. विधिमंडळाला लिहिलं की इतक्या मान्यवर सभेने माझ्या प्रयत्नांना पसंती द्यावी, हा मी आयुष्यातल्या मोठ्या सन्मानांपैकी एक मानतो.

मानपत्रांतली विशेषणं बाजूला ठेवून ती कोण देतंय ते पाहिलं की चित्र बदलतं.

विधिमंडळाने आगमनाच्या आदल्याच दिवशी, म्हणजे जहाज केप मे ओलांडत होतं त्या १३ सप्टेंबरला, बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाची सनद रद्द केली होती. ही फिलाडेल्फियाचे बडे व्यापारी रॉबर्ट मॉरिस आणि त्यांच्या गटाची बँक. सनद रद्द करणारे कॉन्स्टिट्यूशनलिस्ट, म्हणजे राज्याच्या १७७६ च्या घटनेचे पाठीराखे. बँकेच्या बाजूचे स्वतःला रिपब्लिकन म्हणवत आणि ती घटना मोडायची भाषा करत. एक सभागृह, गव्हर्नर नाही, सत्ता एका कार्यकारी परिषदेकडे, अशी ती घटना. आणि ती करणाऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष कोण? खुद्द फ्रँकलिन, तिथून उठून ते थेट फ्रान्सला गेले.

विद्यापीठाचंही तेच. फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७४९ मध्ये सुरू झालेल्या अकादमीतून कॉलेज झालं. १७७९ मध्ये कॉन्स्टिट्यूशनलिस्टांनी त्याची सनद काढून घेतली, जुने प्रमुख विल्यम स्मिथ यांना घालवलं आणि राज्याचं विद्यापीठ उभं केलं. मानपत्र आणणारे प्राध्यापक या नव्या संस्थेचे होते. बाहेर काढलेले लोक शहरातच होते आणि वाट पाहत होते.

म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात मानपत्र, आणि प्रत्येक मानपत्राच्या पाठीमागे एक खटला. वयोवृद्ध माणूस परत आला की असं व्हायचंच. तो भांडणाच्या काळात इथे नव्हता, म्हणून त्याच्यावर कोणत्याच बाजूचा डाग नाही. त्याचं नाव स्वच्छ आहे, आणि स्वच्छ नाव सगळ्यांनाच हवं असतं. कौतुक खोटं होतं असं मी म्हणत नाही. जयघोष करणाऱ्या गर्दीचा बँकेशी काही संबंध नव्हता. पण संस्थांचं कौतुक बिनकामाचं नव्हतं, एवढं खरं.

वॉशिंग्टन यांचं पत्र या गर्दीत वेगळं दिसतं. २५ सप्टेंबरला त्यांनी माउंट व्हर्ननहून लिहिलं की सार्वजनिक अभिनंदनाच्या या घाईत एका व्यक्तीलाही आपला सूर मिसळू द्या; तुमच्या सेवेचा लाभ झालेला माणूस म्हणून मी ऋणी आहे. मागणं काहीच नाही.

पुन्हा जू

दोन्ही पक्षांनी फ्रँकलिन यांना आपापल्या यादीत घातलं. ऑक्टोबरात ते कार्यकारी परिषदेवर निवडून आले आणि त्याच महिन्यात जवळजवळ एकमताने परिषदेचे, म्हणजे राज्याचे, अध्यक्ष झाले. उतरल्यापासून पाच आठवडेही झाले नव्हते.

याआधीही हेच झालं होतं. ५ मे १७७५ ला लंडनहून परतले तर दुसऱ्याच दिवशी त्यांना काँटिनेंटल काँग्रेसवर पाठवलं गेलं. तेव्हा वय ६९ होतं आणि युद्ध सुरू झालेलं होतं, त्यामुळे ते समजण्यासारखं. १७८५ मध्ये आग कुठेच लागलेली नव्हती. अडचण एवढीच की दोन्ही पक्षांना एकमेकांचा माणूस नको होता.

नोव्हेंबरात एका मित्राच्या कुटुंबाला त्यांनी लिहिलं की देशबांधवांची एकमुखी इच्छा मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्यांनी माझ्या उमेदीची वर्षं घेतली, माझं मांस खाल्लं, आता हाडंही चघळायचा निश्चय केलेला दिसतो. हे वाचून शहरावर राग येतो. पण त्यांची बहीण जेन मीकम हिला १७८७ मध्ये, तिसऱ्यांदा अध्यक्ष झाल्यावर, त्यांनी लिहिलेलं पत्र शेजारी ठेवावं. त्यात ते कबूल करतात की सगळ्या लोकांचा असा विश्वास मिळणं हे एखाद्या सरदारकीहून माझ्या अहंकाराला जास्त सुखावतं. तेव्हा जू लादलं गेलं हे जितकं खरं, तितकंच मानही पुढे केली गेली हे खरं. स्वागत करणाऱ्यांना हे बरोबर कळलेलं होतं. नाही म्हणता न येणारा म्हातारा ओळखणं ही राजकारणातली जुनीच कला आहे.

कामाचं मोजमाप करायचं तर ते चांगलंच झालं. निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांना, त्यात शहरातले बरेच क्वेकर पंथाचे ख्रिस्ती आले, मतदानापासून दूर ठेवणारे कायदे १७८६ मध्ये सौम्य झाले. बँकेला १७८७ मध्ये नवी सनद मिळाली. यातलं सगळं श्रेय त्यांना देणं चूक ठरेल. अध्यक्षाच्या हातात फारसा अधिकार नव्हता आणि दरम्यान निवडणुकांमध्ये बहुमतच बदललं. पण दोन्ही बाजूंना चालणारा माणूस खुर्चीवर असल्याने भांडणाची धार कमी झाली, हे मानायला हरकत नाही. १७८७ च्या घटना अधिवेशनालाही ते ८१ व्या वर्षी हजर राहिले. घोडागाडी सोसत नसे, म्हणून पॅरिसहून आणलेल्या पालखीवजा खुर्चीतून जात.

अध्यक्षपदाचा पगार त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. मृत्युपत्रात त्यातून बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना हजार-हजार पौंड ठेवले. तरुण कारागिरांना कर्ज द्यायचं, व्याज साठवायचं, आणि हे २०० वर्षं चालवायचं. ते १९९० पर्यंत चाललं.

घराचं काय? आल्यावर वर्षभरात त्यांनी बांधकाम काढलं. चोवीस माणसं जेवायला बसतील असं दालन आणि वर चार हजारांवर पुस्तकांची खोली. या वयात पुस्तकांची खोली बांधण्याचं समर्थन कसं करावं ते कळत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. मला हा त्या तीन वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. गावाने त्यांना खुर्ची दिली, बसायला जागा त्यांची त्यांनीच केली.

न्यूयॉर्कची शांतता

आता दुसरा यजमान. काँग्रेस तेव्हा न्यूयॉर्कला भरत होती. फ्रँकलिन यांना पाठवलं होतं तिने. पेनसिल्व्हेनियाने जल्लोष केला त्या महिन्यात काँग्रेसचे अध्यक्ष होते रिचर्ड हेन्री ली. त्यांचे भाऊ आर्थर ली हे पॅरिसमध्ये फ्रँकलिन यांचे सहकारी होते आणि त्यांनी वर्षानुवर्षं फ्रँकलिन यांच्यावर पैशांच्या गोंधळाचे आरोप केले होते. हेच आर्थर ली जुलै १७८५ मध्ये खजिना मंडळावर नेमले गेले. म्हणजे फ्रँकलिन समुद्रावर होते तेव्हा त्यांचे हिशेब ज्या टेबलावर येणार, तिथे त्यांचा सगळ्यात कडवा टीकाकार बसला होता. यात कट शोधायची गरज नाही. पण एवढं दिसत असताना हिशेबांसाठी वेगळी व्यवस्था न करणं हा मोठा निष्काळजीपणा होता.

हिशेब अगदीच कच्चे नव्हते. काँग्रेसनेच नेमलेले टॉमस बार्कले यांनी ते फ्रान्समध्ये तपासले होते आणि थोडी रक्कम उलट फ्रँकलिन यांनाच येणं निघत होती. एक खरा प्रश्न उरला होता. १७७८ च्या तहाआधी फ्रान्सने दिलेल्या तीस लाख लिव्रपैकी दहा लाखांचा माग लागत नव्हता. ते पैसे फ्रान्सनेच गुप्तपणे भलत्या मार्गाने, अमेरिकेला छुपी युद्धसामग्री पुरवणारे फ्रेंच नाटककार बोमार्शे यांच्या हाती, दिले होते आणि पॅरिसचा दरबार पावती दाखवायला तयार नव्हता. फ्रँकलिन यांनी १७८६ मध्ये आपल्या फ्रेंच सावकाराला पत्रं लिहून हे उलगडायचा प्रयत्न केला. हाती फारसं काही लागलं नाही. शंका मात्र त्यांच्याच नावाला चिकटून राहिली.

१७८८ च्या नोव्हेंबरअखेरीस, राज्याचं अध्यक्षपद संपल्यावर, त्यांनी काँग्रेसला आणि काँग्रेसचे सचिव, जुने मित्र चार्ल्स थॉमसन यांना पत्रं लिहिली. सोबत आपल्या सेवेची एक यादी जोडली. ८२ वर्षांच्या माणसाला, विजेपासून तहापर्यंत जगाने ज्याचं नाव ऐकलेलं, त्याला स्वतःच्या कामाची यादी करून सरकारकडे पाठवावी लागली. ते थॉमसनना लिहितात की इतर परतलेल्या प्रतिनिधींची काहीतरी दखल घेतली गेली, ली आणि जे यांना पदं मिळाली. मला वाटलं होतं निदान पश्चिमेकडच्या जमिनीचा एखादा तुकडा तरी मिळेल. आणि नातू टेंपल, ज्याने नऊ वर्षं कारकुनी केली, त्याला एखादं परराष्ट्र खात्यातलं काम. टेंपलसाठी त्यांनी आधीही शब्द टाकला होता. १७८४ मध्ये व्यापारी तहांच्या आयोगाचं सचिवपद डेव्हिड हम्फ्रीज यांना गेलं होतं.

नातवासाठी पद मागणं आज खटकतं, आणि तेव्हाही खटकलं असणार. काँग्रेसला इथे नाही म्हणायचा पूर्ण अधिकार होता. पण तिने नाही म्हटलंच नाही. काहीच म्हटलं नाही. ती जुनी काँग्रेस कोरमअभावी विरघळत होती आणि नवं सरकार यायचं होतं, हे तिच्या बाजूने सांगता येईल. मात्र उतरल्यापासून तीन वर्षं होती, आणि तेव्हाही तिने हात लावला नव्हता.

हिऱ्यांच्या चित्राबाबत मात्र तिने निर्णय दिला. संघराज्याच्या कलमांनुसार, म्हणजे तेव्हाच्या घटनेनुसार, परकीय राजाची भेट घेणं निषिद्ध होतं. फ्रँकलिन यांनी रीतसर विचारलं, काँग्रेसने ठेवून घ्यायला परवानगी दिली. १७८७ च्या घटनेत भेटींना काँग्रेसच्या संमतीची अट राहिली, आणि व्हर्जिनियातल्या मंजुरीच्या चर्चेत एडमंड रँडॉल्फ यांनी राजाकडून मिळालेल्या अशाच एका भेटीचा दाखला दिला. फ्रँकलिन यांनी ते चित्र मुलीला ठेवलं, हिऱ्यांचे दागिने करून या देशात ती खर्चिक, पोकळ फॅशन आणू नकोस असं बजावून. सॅलीने दागिने केले नाहीत. काही हिरे विकले आणि नवऱ्याबरोबर युरोप पाहून आली.

यातून काय वेगळं करता आलं असतं

शहराच्या बाजूने एकच बदल मी सुचवला असता. अध्यक्षपद एका वर्षाचं ठरवून द्यायला हवं होतं. पहिल्या वर्षाने दोन्ही पक्षांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. पुढची दोन वर्षं सवयीने गेली, आणि आत्मचरित्राचं उरलेलं काम तेवढंच मागे पडलं. ते अपुरंच राहिलं, १७५० च्या दशकापलीकडे फारसं गेलंच नाही. ज्या नऊ वर्षांसाठी शहर धक्क्यावर आलं होतं, त्यांची हकिकत त्यांच्या तोंडून कुणाला सलग मिळाली नाही.

काँग्रेसकडून अपेक्षा फार नव्हती. बार्कले यांनी तपासलेला भाग मान्य करून सही करायची. दहा लाखांचा प्रश्न वेगळा काढून तो फ्रान्सकडे सरकार म्हणून विचारायचा. म्हाताऱ्याला स्वतःच्या सावकाराला पत्रं लिहायला लावायची नाहीत. आर्थर ली यांना त्या एका विषयातून बाजूला ठेवायचं. टेंपलच्या अर्जाला होय किंवा नाही. यातल्या कशालाही पैसा लागत नव्हता.

१७ एप्रिल १७९० ला फ्रँकलिन गेले. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक होते असं त्या वेळी सांगितलं गेलं, आणि शहराची लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेत २८,५२२ होती. मॅडिसन यांच्या प्रस्तावावरून प्रतिनिधिगृहाने महिनाभर शोकाच्या फिती बांधल्या. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मिराबो यांच्या भाषणानंतर तीन दिवस दुखवटा पाळला. सिनेटमध्ये चार्ल्स कॅरल यांनी तसाच प्रस्ताव आणला तेव्हा विरोध इतका झाला की तो मागे घ्यावा लागला. त्या सिनेटमध्ये रिचर्ड हेन्री ली होते, आणि पॅरिसपासूनचे दुसरे टीकाकार राल्फ इझार्डही. हिशेब तेव्हाही मंजूर झालेले नव्हते.